घामेजलेले सूर्य

उन्हाळा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, सांगा बरं? राजुऱ्याला आमच्या बचत गटात बिस्किटं सजवायला शिकवणाऱ्या मॅडम आल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र आला. त्यांनी रॉयल आयसिंग, म्हणजे साखरेचा घट्ट लेप, कागदी कोनात भरून बिस्किटांवर निळ्या लाटा आणि हसरे सूर्य काढले.

माझी जाऊ म्हणाली, "मॅडम, शेचाळीस डिग्रीत सूर्य हसून राह्यला, तं आमच्यावरच हसत असन."

दुसऱ्या दिवशी गटाचं प्रदर्शन होतं आणि त्यात माझा ट्रे लागावा, अशी मला फार इच्छा होती. मी मन लावून बिस्किटांवर पांढरी मोहफुलं काढली.

"मावशी, उन्हाळ्यात लसूण कशाला?" मॅडमनी विचारलं.

"लसूण नाई, मोहफूल होय. आमच्या इथी उन्हाळ्यात हेच पडते."

"म्हणजे दारूचं? प्रदर्शनात नको."

उकाड्याच्या भीतीने त्यांनी आपले सूर्य फ्रिजमध्ये ठेवले.

मी म्हटलं, "बाहेर सुकू द्या ना, मॅडम."

"शिकवायला मी आलेय ना?" त्या म्हणाल्या. माझा ट्रे टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजमधून काढताच सूर्यांना घाम फुटला, पिवळा रंग लाटांत उतरला, आणि प्रदर्शनात मोहफुलं लागली.