मायलोची पोकवाली आणि डुएनची मोजपट्टी

सगळ्यांत आधी कोण आलं, सांगू? डुएन आला. मी आणि जॅनिस अजून कॉफीचं मोठं भांडं चढवत होतो, खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, ओव्हनमधून बाहेरसुद्धा आले नव्हते, आणि हा दारात हजर. बरं, वासाने आला म्हणावं, तर तेही नाही. खिशातून मोजपट्टी काढली आणि त्या कोपऱ्यातल्या टेबलावर वाकून काहीतरी मोजायला लागला. मी म्हटलं, "डुएन, शवपेटीसाठी मायलोचं माप घेतोयस की काय? अजून धडधाकट आहे हो तो." तर काय लाजला! एवढा ताडमाड माणूस, कानापर्यंत लाल झाला. काय मोजत होता ते मी शेवटी सांगणार आहे, म्हणजे तुम्ही मधूनच उठून जेवायला जाणार नाही.

अध्यक्ष मला डोळ्यांनी खुणावतायत. हो, हो, आधी मान द्यायचा असतो, मला ठाऊक आहे. तर आपल्या फेझंट पक्ष्यांच्या शिकार क्लबचे माननीय अध्यक्ष लुमिर ह्लाद्की, व्यासपीठावर बसलेले आपले फादर अँब्रोझ, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती मायलो कोस्टेलेट्स्की, त्यांना आपल्यापासून लांब अॅरिझोनाच्या उन्हात घेऊन चाललेली त्यांची लेक जॅनिस, शिकागोहून आलेले आणि माझ्या माडीवर उतरलेले पाहुणे मरिसॉल आणि टॉड, आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या भावाबहिणींनो, नातवंडांनो, आणि टेबलाखाली झोपलेल्या नूडल नावाच्या कुत्र्या, सगळ्यांना माझा नमस्कार. झालं ना लुमिर? कोणी राहिलं असेल तर त्याने हात वर करावा.

मी बोझेना. माझी शाळा आठवीपर्यंत, तीसुद्धा कापणी नसेल तेव्हा. त्यामुळे भाषणात अलंकार वगैरे नाहीत. मायलोची मी शेजारीण. मध्ये फक्त रस्ता आणि मक्याचं शेत. त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा माझ्या खिडकीतून दिसतो. परवापासून दिसणार नाही. ते जाऊ दे. आज रडायचं नाही असं मी आरशात बघून ठरवून आलेय, केससुद्धा सेट करून घेतलेत.

मायलो म्हणजे आपल्या हाक्याचा कप्तान. हाकारे कुठून चालणार, टोकाला कोण उभं राहणार, कुत्रा कधी सोडायचा, हे सगळं तोच ठरवत आला. मायलोने बोट दाखवलं की माणूस तिथे उभा राहतो. फादर, तुमच्या प्रवचनाला सुद्धा लोक इतके सरळ उभे राहत नाहीत. रागावू नका.

आणि मायलो म्हटला की त्याची ती बंदूक आलीच. आमच्या लुडविकने, म्हणजे माझ्या कैलासवासी नवऱ्याने, आणि मायलोने एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन सारख्या बंदुका आणल्या होत्या. छर्‍यांच्या, आपोआप पुढचं काडतूस भरून घेणाऱ्या. पाठीला हे एवढं पोक! लुडविक गाडीतून उतरला तेव्हा माझी सासू दारात उभी. म्हणाली, "अरे, बंदूक आणलीस की उंट?" तेव्हापासून आमच्याकडे तिचं नाव पोकवाली.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी बंदुकीचं काय कौतुक सांगत बसलीय. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी पोकवालीने बार काढलाय? लुडविक गेल्यावर त्याची मी चालवते, म्हणून सांगते. बाकीच्या बंदुका एक धक्का देतात आणि गप्प बसतात. हिचे दोन. बार उडाला की अख्खी नळी मागे सरकते, आणि लगेच पुढे जाते. एखादी बाई घरात शिरता शिरता काहीतरी विसरलं म्हणून परत फिरते ना, अगदी तशी. पहिला धक्का खांद्याला सांगतो, उडाला. दुसरा सांगतो, पुढचा तयार आहे हो. किती बोलकी वस्तू! आणि ते पोक, ज्याला सगळे हसतात, ते बरोबर डोळ्यापुढे येतं. पाठीवरून नजर सरळ धावत जाते ती पक्ष्यापर्यंत. नेम धरायचा असतो हे आठवायच्या आत पक्षी खाली आलेला असतो.

पण हिला विचारतो कोण? गावातल्या दुकानात जाऊन बघा. दोन नळ्यांच्या नक्षीवाल्या बंदुकांना काचेचं कपाट. पोरांसाठी काळ्या प्लास्टिकच्या बंदुका पुढच्या भिंतीवर, दिव्याखाली. आणि पोकवाल्या? मागच्या कोपऱ्यात, बर्फ ओढायच्या फावड्यांशेजारी. अक्रोडाच्या लाकडावर कुणाच्या तरी आजोबांच्या हाताचा काळपट डाग, तो तसाच. मी गेले की तिथल्या एकेकीला हात लावून येते. दुकानदार म्हणतो, "काय आजी, विकत घ्यायचीय का?" मी म्हणते, "नाही रे, विचारपूस करायला आले."

तर मुख्य गोष्ट ही, की महिन्यापूर्वी मायलोने जाहीर केलं, जॅनिसकडे अॅरिझोनाला जातोय. कायमचा. बाप एकटा, म्हणून लेकीला काळजी, बरोबरच आहे. पण पुढे म्हणाला, जाताना बंदूक डुएनला देऊन टाकणार. डुएनचं हमरस्त्यावरचं जेवणघर आहे ना, त्यात सॅलडच्या टेबलाच्या वर, भिंतीला टांगायला. डुएनने खुंट्यासुद्धा ठोकल्या! मला जी धडकी भरली ती बंदुकीसाठी नाही. मी म्हटलं, बंदूक काकड्यांच्या डोक्यावर लटकली की मायलो ऑक्टोबरात, शिकारीचा हंगाम उघडताना, परत कशाला येईल? माणूस काहीतरी ठेवून जातो, तेव्हा घ्यायला तरी येतो.

बोलले मी त्याला. म्हणाला, "अगं बोझेना, मी म्हातारा झालो."

"मी काय शाळेत जाते का?" मी म्हटलं. पण ऐकतो कुठे.

आता कालचं. कालची मायलोच्या निरोपाची शिकार तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिली, पण पाणकणसांच्या बेटात कमरेएवढ्या बर्फात असणाऱ्यांना काही दिसलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. मायलो टोकाला उभा राहिला, माझ्याशेजारी. नूडल कणसांत शिरला. लुमिर ओरडला, "कोंबडा! कोंबडा!" फेझंटचा नर, तांबडा, लांब शेपटीचा, असा उठला की बर्फ आमच्या तोंडावर उडाला. मायलोने बार काढला, पडला. लगेच दुसरा उठला, अगदी डोक्यावरून. मायलोने घोडा दाबला. काहीच नाही.

"काय झालं रे?"

"अडकली."

आणि कणसांतून आपले माननीय अध्यक्ष ओरडतायत, "अरे मायलो, त्याला हात हलवून निरोप काय देतोयस? निरोप तुझा आहे!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मायलोने हाताने रिकामं काडतूस काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा एक बार, पुन्हा अडकली. मग तो बंदूक रिकामी करून चालत गाडीकडे गेला आणि मागच्या फळीवर जाऊन बसला. मी गेले मागोमाग. टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला, "बोझेना, बंदुकीला काही झालेलं नाही. माझं डोकं गेलंय. काय करायचं तेच आठवत नाही. डुएनला सांग, आजच घेऊन जा म्हणावं."

मंडळी, मी नुसती त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकत बसले.

तेवढ्यात ही आमची मरिसॉल आली. खांद्यावर तिची ती काळी, नवी कोरी. मागून टॉड. त्याला बंदुकीत काही रस नाही, तो फोटो काढतो आणि माझं सूप पितो, गुणी मुलगा आहे. म्हणाला, "पाठीचंच दुखणं असेल हिचं." त्याला मी कोपर मारलं. पण मरिसॉल फळीपाशी वाकून म्हणाली, "काका, ही उघडते कशी? मला दाखवा ना."

मायलोला कुणी "दाखवा" म्हटलं आणि त्याने नाही दाखवलं, असं कधी झालंय का? बंदूक रिकामी आहे ना, ते त्याने पुन्हा बोट घालून पाहिलं. मग पुढचं बूच फिरवलं. नळीखालची लाकडी मूठ हातात आली. नळी निघाली. ना पाना, ना पकड, थंडीने आखडलेल्या नुसत्या बोटांनी! मरिसॉलचे डोळे हे एवढाले झाले. मग मोठी स्प्रिंग, पितळी तुकडा, आणि त्या दोघांच्या मधोमध लोखंडी कडी.

मायलो कडीकडे बघत राहिला. मग खिशातलं काडतूस काढून बघितलं. मग पुन्हा कडीकडे. तोंड उघडं. टॉडने फोटो काढला तो याच वेळी.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ही बंदूक बिघडत नाही. तिला फक्त एक सांगावं लागतं, आज काडतूस हलकं की जड. जड असेल तर कडी स्प्रिंगच्या पुढे, म्हणजे नळीला लगाम बसतो. हलकं असेल तर कडी मागे, म्हणजे लगाम सैल. बर्फाचे दिवस लागले की मायलो जड काडतुसं वापरतो, म्हणून कडी पुढे. आणि परवा आमच्या जॅनिसने, बापाचा खांदा दुखू नये म्हणून, मायेने, हलक्या काडतुसांची पेटी आणून दिली. लेकीला वाईट वाटू नये म्हणून यानेही मुकाट्याने तीच खिशात भरली. झालं! हलका बार, घट्ट लगाम, नळी निम्म्यातच थांबली. जॅनिस, रडू नकोस गं, ही हसायची गोष्ट आहे.

मी म्हटलं, "मायलो, डोकं जागेवर आहे तुझं. कडी तेवढी पुढे आहे."

आधी त्याचे खांदे हलले. मग असा हसायला लागला, असा हसायला लागला, की नूडल भुंकत आला. कडी मागे, नळीला तेलाचा एक थेंब, दोन वळसे, तयार. मग पोकवाली त्याने मरिसॉलच्या हातात दिली. "जा, टोकाला उभी राहा. पोकाकडे बघू नकोस, पोकावरून बघ."

दुसऱ्या हाक्याला दोन कोंबडे एकदम उठले. धाड! धाड! पहिला पडला. दुसरा अजून शेजारच्या नेब्रास्का राज्याकडे उडतोय. आणि रिकामं गरम काडतूस उडून गेलं ते थेट टॉडच्या कोटाच्या टोपीत! टॉड बर्फात जो नाचला, तसा तो स्वतःच्या लग्नात नाचला नसेल. आणि मरिसॉल ओरडतेय, "दोनदा ढकलते! आजी, ही दोनदा ढकलते!" माझ्या सुनांना, मुलांना, कुणाला सांगून पटलं नव्हतं ते या शिकागोच्या पोरीला एका बारात कळलं. मी तिला तिथेच मिठी मारली.

ती म्हणाली, "काका, ही मला विका."

हाकाऱ्यांतून डुएन आला, हातात पक्षी, धापा टाकत. "ओ बाई, माझ्या खुंट्या ठोकून झाल्यात!"

मायलो म्हणाला, "दोघांनाही नाही. बोझेनाच्या कपाटात लुडविकच्या बंदुकीशेजारी जागा आहे. तिथे राहील. पोरी, तू ये आणि चालव. पण कडी मी लावणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"पण काका, तुम्ही तर अॅरिझोनात असणार."

मायलोने कान खाजवला. माझ्याकडे पाहिलं, गाडीपाशी उभ्या जॅनिसकडे पाहिलं. "मग यावं लागेल," म्हणाला.

मंडळी, त्यानंतर मी नूडलचा मुका घेतला, आणि तो नुकताच कणसांतल्या चिखलातून आला होता.

आता डुएनची मोजपट्टी. काल संध्याकाळी आपल्या खुंट्या मोकळ्या राहिल्या म्हणून तो तोंड पाडून बसला होता. टॉडने त्याला फोटो दाखवला. फळीवर बसलेला मायलो, हातात कडी, तोंड उघडं, टोपी गुडघ्यावर. डुएन म्हणाला, बस, हाच! आज सकाळी तो टेबलावर तोच फोटो ठेवून त्याच्या चौकटीचं माप घेत होता. तेव्हा सॅलड वाढून घेताना वर बघा, आपला कप्तान तुमच्याकडे बघत असेल. आणि पोकवाली तिच्या जागी, तेल लावून.

फार बोलले. कॉफी गार झाली असेल. मला इथे उभं केल्याबद्दल अध्यक्षांचे, हॉल दिल्याबद्दल फादरांचे, बापाला परत पाठवायचं कबूल केल्याबद्दल जॅनिसचे, आणि मायलोचे कशाकशासाठी ते तोच जाणे, मनापासून आभार. मोठ्यांचा मान राखताना कुठे कमी पडले असेन, कुणाची जास्त चेष्टा झाली असेल, तर म्हातारी आनंदाने वेडी झालीय म्हणून पोटात घाला. लुमिर, तुला दोन कोलाचे जास्त.

एवढंच लक्षात ठेवा. माझ्या माडीवर तीन अंथरुणं तयार असतील. मरिसॉलचं, टॉडचं, आणि यंदापासून पाहुण्यांत जमा झालेल्या मायलोचं. तिघांनी काल माझ्या स्वयंपाकघरात कबूल केलंय, नूडल साक्षीला होता. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार.