डॉक्टर, कंपाउंडर अन् गावचा तलाव

...अन् वरून म्हणतात का प्रशिक्षण हसतखेळत झालं पायजे! तुमाले सांगतो, अमरावतीले दोन दिवस, एका हॉलमंदी चाळीस विज्ञान शिक्षक, अन् विषय काय, तं बाहेरून येऊन इथल्या जिवायच्या उरावर बसलेले झाडं अन् प्राणी पोट्ट्यायले कसे शिकवाचे. आता गाजरगवत कोणाले माहीत नाई? म्हून समदे निवांत. तेल्हाऱ्याचे जीवन सर तं हातात पेन धरून, मान ताठ ठेवून झोपत, पाहणाऱ्याले वाटे माणूस लिहून घेऊन राहिला. टाळ्या कशा वाजवाच्या हेच अर्धा तास शिकवलं, एक-दोन, एक-दोन-तीन. तिवस्याकडच्या एका गावातले आपले गजेंद्र सर, सतरा वर्षं नोकरी झालेला माणूस, थेही वाजवून राहिले. करावं काय माणसानं?

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर प्रशिक्षण देणाऱ्या प्रणाली मॅडमनं पडद्यावर एक मासा दाखवला. काळा, अंगावर काटे, तोंड खालच्या अंगाले. मॅडम सरायच्या निम्म्या वयाच्या, पण समजावून सांगत. हा सकर मासा, दूर दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या पेटीतलं शेवाळ चाटते म्हून लोक आणतात, मोठा झाला का मारवत नाई म्हून तळ्यात नेऊन सोडतात, अन् मंग थो काठात बिळं करते, दुसऱ्या माशायचे अंडे खाते, जाळे फाडते...

"सोडणारा माणूस वाईट नसतो," मॅडम म्हणाल्या. "त्याला फक्त माहीत नसतं."

गजेंद्र सर खाली पाहून राहिले.

काहून, तं ऐका. सरायले एकच पोरगी, रागिणी. आठवीत होती तवा हट्ट करून तिनं अकोल्याहून माशायची पेटी आणाले लावली. रंगीत सात-आठ, अन् हे काळे दोन. काच साफ करतात म्हून एकाचं नाव डॉक्टर, दुसऱ्याचं कंपाउंडर. त्याच वर्षी ताप आला अन् पाच दिवसात पोरगी गेली. चार वर्षं झाले त्याले. पेटीकडे कोण पाहणार? रंगीत मासे एकेक करून मेले. हे दोघं मरेचना. सरायच्या बायको, आरतीताई, दिवसदिवस पेटीपुढं बसून राहत, ना सैपाक ना आंघोळ. एक दिवस म्हणाल्या, यायले असं कोठी सोडा जिथं थे जगतीन. सरानं मोटरसायकलले बादली अडकवली अन् गावच्या तलावात सोडून आले. विज्ञानाचे शिक्षक होते, मान्य हाय. पण त्या दिवशी थे शिक्षक म्हून गेले होते का? करावं काय माणसानं?

बरं, प्रशिक्षण संपलं का शाळेत उपक्रम घ्या, फोटो टाका. सर नववीच्या पोट्ट्यायले घेऊन तलावावर गेले. तिथं देवमन, जलमभर त्याच तलावात मासे धरणारा, जाळं ओढून राहिला होता. निंगाले काय, तं रोहू चार अन् काळे सव्वीस. जाळं तीन जागी फाटलेलं, देवमनच्या बोटायतून रक्त. पोट्टे लय खुश, का कालच फळ्यावर शिकलो अन् आज समोर. मोजून राहिले, वहीत लिहून राहिले. त्यात कुलदीपनं इचारलं, सर, पयले कोणं सोडले असतीन?

"म्या," सर म्हणाले.

पोट्ट्यायले वाटलं, सर उदाहरण देऊन राहिले. कुलदीपनं थेही वहीत लिहून घेतलं.

"मले माहीत हाय, सर," देवमन जाळ्यातला काटा सोडवत म्हणाला. "पायलं होतं म्या तुमाले, बादली घेऊन. वाटलं, पोरीचं काई पाण्यात शिरवाले, विसर्जन कराले आले असतीन. आपण काहून बोलाव?"

इतके वर्षं हा माणूस फाटलेलं जाळं शिवत राहिला अन् बोलला नाई... धरलेला सकर परत पाण्यात टाकाचा नाई, असं मॅडमनं शिकवलं होतं. सरानं सोताच्या हातानं खड्डा खंदला, एकेक मासा ठेवला. पण पाण्याबाहेर हा मासा लवकर मरत नाई. सर तिथंच उभे राहिले, समदे मासे पुरे शांत होईपर्यंत, अन् मंग माती लोटली.

आता घरी सांगाव का नाई? रस्ताभर हाच घोळ. सांगितलं शेवटी, जाळं, बिळं, देवमनची बोटं, समदं सांगितलं, एक खड्डा सोडून. आरतीताई भाजी निवडत ऐकत होत्या.

"सव्वीस?" त्यायनं इचारलं.

"एका जाळ्यात. तलावात अजून किती, देव जाणे."

"म्हंजे जगले थे," आरतीताई म्हणाल्या, अन् चार वर्षांत पयल्यांदा हासल्या.

सरायच्या तोंडी पुरा धडा तयार होता, मुद्द्यानिशी. पण थे हासू पायल्यावर... करावं काय माणसानं? सर म्हणाले, "हो. जगले."

तवापासून दर रविवारी सर देवमनसंग जाळं ओढाले जातात. घरी आले का आरतीताई इचारतात, आज किती? सर खरा आकडा सांगतात. जास्त असला का त्या दिवशी आरतीताई दोन घास जास्त खातात.

परवा मोबाईलवर प्रशिक्षणाचा फॉर्म आला, भरल्याबिगर सर्टिफिकेट नाई. त्यात प्रश्न होता, शिकलेलं तुमच्या परिसराशी कितपत जुळलं? खूप, बऱ्यापैकी, थोडं. सरानं 'बऱ्यापैकी' दाबलं. 'खूप' दाबलं का खाली उदाहरण लिहाले जागा येत होती.