आजी नावाची क्लायंट

कंपाउंडरच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. दवाखान्यात एक बाप आणि त्याचा मुलगा नंबर यायची वाट बघत बसले होते. मुलगा कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये होता आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर टकटक करत होता. कंपाउंडर औषधाच्या पुड्या बांधत होता, कान मात्र तिकडेच.

“पाठ माझी दुखतेय की तुझी? जरा सरळ बस.”

“दहा मिनिटं, बाबा. संध्याकाळी क्लायंटला दाखवायचंय.”

“काय दाखवायचंय?”

“त्यांच्या माणसांनी सहाला घरी कसं जावं, ते.”

“आणि तू कधी जातोस?”

“हे संपलं की.”

“आजी रोज विचारते रे. नव्वदी उलटलीय तिची.”

“म्हटलं होतं ना, माझ्या कॅलेंडरमध्ये टाका.”

“तीनदा टाकलं. तिन्ही वेळा तुझ्या साहेबाने त्यावर मीटिंग ठोकली.”

“घरचं काम लिहिलंत ना? ते पहिलं उडतं. क्लायंटची भेट कुणी हलवत नाही.”

“मग आजीला क्लायंट कर.”

“काहीतरीच काय!”

“का? कटकट करते, कुणाचं ऐकत नाही, सगळ्यांना कामाला लावते. अजून काय लागतं?”

टकटक थांबली.

“विषय काय लिहू?”

“जुन्या संस्थेची पाहणी.”

“रविवारी अकरा ते बारा. टाकलं.”

महिन्याने बाप एकटाच आला, तेव्हा कंपाउंडरने विचारलंच. ती भेट दिवे लागेपर्यंत चालली होती. आजी त्यानंतर नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारली.