एकाच गाडीवर आलेले वादी-प्रतिवादी

वकिलाला उपाशी मारावं तर आमच्या जज्ज मॅडमनीच! आता त्या नांदेडला मोठ्या पदावर आहेत, पण ही गोष्ट औशाच्या कोर्टातली. दोन भावांचा शेताच्या वाटणीचा दावा होता, भांडण पार कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं. मी थोरल्याचा वकील. पुकारा झाला, तर धाकटा गायब.

"कुठंय तो?" मॅडमनी विचारलं.

थोरला म्हणाला, "गाडी लावायलाय, मॅडम. एकाच गाडीवर आलो आम्ही."

सगळं कोर्ट हसलं. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

"गाडी कोणाची?"

"घरची हाय. दोघांत एकच."

"मग दाव्यात ती का नाही? तिचीही वाटणी मागा की."

तेवढ्यात धाकटा धापा टाकत आत आला. "दादा, काय झालं?"

"काही न्हाई. गाडी काढ, घरी जाऊ."