ग्रुपात दोन मोठी माणसं

...न्हाई, मी म्हंते, प्रार्थनेचा मेसेज पोरीला एकटीलाच कशाला पाठवायचा? आं? तुम्हाला सांगते, आमच्या दौंडच्या चर्चमधी मी पोरांचा रविवारचा वर्ग घेते, आन् एवढं इचारलं तर वाईट कोण? मी!

तरुणांचा संघ ईश्वर सर बघायचे. गिटार वाजवणार, गोड बोलणार... आया म्हणायच्या, "सरांमुळंच पोरं चर्चला येत्यात बघा!" मी म्हनलं, येऊ द्या की, पण मेसेज करायचा तो ग्रुपवरच, आन् ग्रुपात दोन मोठी माणसं पाहिजेत. झालं! पाळकसाहेब हसले, "सुवर्णाबाई, तुम्हाला सगळीकडं सैतानच दिसतो!" अवो, सैतान दिसला असता तर सोपं होतं... हितं इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस होता!

मग एका रविवारी वर्ग सुटला तरी एक पोर उठंना. नववीतली. नाव सांगणार न्हाई, इचारू नका! मोबाईल पुढं केला, "मावशी वाचा, पण आईला सांगू नका." वाचलं... सरांचे मेसेज! "तुझं दुःख घरच्यांना कळत न्हाई, मलाच कळतं. हे आपल्या दोघांतच ठेव. तुझा एकटीचा फोटो पाठव, समोर ठेवून प्रार्थना करतो." आता देवाला फोटो लागतो व्हय? फोटोबिगर वळखत न्हाई का तो पोरीला? हसू नका वो... पोर मला इचारती, "मावशी, माझंच चुकलं का?" म्हनलं, "तुझं कायबी चुकलं न्हाई बाळा. पण आईला सांगावं लागंल. मी येते संगं."

गेलो. आईनं मेसेज वाचले. मी म्हनलं, पोलिसांत चला. ती म्हनली, "गावभर व्हईल, बाई!" पाळकसाहेबांकडं गेले, तर ते म्हनले, "चर्चच्या मंडळीची अब्रू हाय, सरांना दुसरीकडं सेवेला पाठवू." आन् पाठवलं कसं? शाल घालून! टाळ्या वाजवून! मी उठून भाईर गेले, तर मागनं कुजबुज, "चांगला माणूस घालवला हिनं." वाईट कोण? मी!

पोर आता गात न्हाई. भजनमंडळात तिचा आवाज सगळ्यात वर जायचा... आता दारापाशी बसती, आमेन झालं की निघाली.

नियम केला म्हणा चर्चच्या पंचांनी. ग्रुपात दोन मोठी माणसं. एक मी. दुसरं कुणी यायला तयार न्हाई!

आन् काल कळलं, सर शिरूरच्या चर्चमधी गेलेत. तिथल्या सविताबाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच त्या सुरू, "अय्या, काय गुणी माणूस वो! पोरांचा ग्रुपबी काढला, सगळं एकटेच बघत्यात!" म्हनलं, बाई, मी येते, बोलायचंय. "या की! रविवारी त्यांचं स्वागतच हाय. तुम्ही वळखता त्यांना, तुम्हीच बोला दोन शब्द."

जाते. मेसेज पोरीनं माझ्याकडं ठेवायला दिलेत, दाखवायची परवानगीबी दिलीय. फक्त दोन शब्दांत भागणार न्हाई, एवढंच.