टाकीच्या झाकणाचा भोक

माझो जल्म तोंडवलीचोच, दर्याच्या काठार. आमच्यात आजो, पणजो सगळे होडयेर पोट भरणारे, आणि माझो बापूस तर जमनीर चालतानासुद्दा हलतच चालता, होडयेत उभो असल्यासारखो. मी तेंचो एकटोच झील. पण काय सांगू तुमका, माका दर्यात ओकाऱ्यो होयत. होडी जरा हलली काय पोटातला सगळा भायर. बाबा म्हणत, मेल्या, तू डोंगरावरल्यांच्या घरात जन्माक येवचो, वाट चुकान हयसर इलंस. तरी दर्याशिवाय दुसरा काय येयत नाय होता, म्हणान जाय होतंय, ओकत ओकत जाय होतंय.

मग लगीन झाला, शेवंती घरात इली. मासे इकूक ती एक नंबर, गिराईक तिच्या तोंडाक लागणा नाय. तिनाच सांगल्यान, तुमी दर्यात जाव नकात, किनाऱ्यार म्हावरा घेवया नि वरच्या गावांत जावन इकूया, थंय ताजो बांगडो कोण नेता? पण न्हेवक गाडी होयी. बाबांची नजर तवा कमी झालेली, होडयेर जायत नाय होते. तेंनी आपली ल्हान होडी विकल्यानी नि म्हणाले, घे गाडी, जुनी घे, पण दोन माणसा नि एक पाटी वडणारी घे. ज्या दिवशी होडी न्हेली त्या दिवसापासून बाबा पडवीत खांब्याक टेकून बसले ते बसलेच. जेव म्हटला तर जेवत, नायतर नाय. माका ता बघवत नाय होता.

सावंतवाडीच्या एका मास्तराची वापरलेली मोटारसायकल घेतलंय. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट ही. गाडी खळ्यात उभी केलंय नि काय आश्चर्य, बाबा उठले. भोवती फिरले, हात लावन बघितल्यानी, म्हणाले, दर्याची हवा लोखंड खाता रे, हेका तेल लावक होया. तवापासून रोज सांजचे खोबरेल तेलाचो फडको घेवन गाडी पुसत. होडयेची करत तशीच सगळी चाकरी. जेवक लागले, माणसांशी बोलूक लागले. शेवंती म्हणा, गाडी आमच्यासाठी नाय, बाबांसाठीच हाडली.

पण गाडयेन रंग दाखवल्यान. घराकडसून बरी निघा. वाटेत घाटी लागता, ती अर्धी चडली काय गाडयेचो दम जाय. मूठ पिळलंय तरी जोर नाय, फुक फुक करी नि बंद. कितीय किका मारा, ढिम्म. मग आमी आपले दगडार बसान रवत होतो, नि जरा वेळान तीच गाडी एका किकेत चालू. एखाद्या दिवशी कायच होयत नाय होता, सरळ वर जाय. आता ह्येका काय म्हणाचा? पाटयेतलो बर्फ वितळा, मासे नरम पडत, नि वरच्या गावातल्यो बायो म्हणत, तुमची वाट बघून आमी सुक्याची आमटी केलाव. हळूहळू तेंनी दुसऱ्याकडसून घेवक सुरवात केल्यानी.

आचऱ्याक इब्राहिम मेस्त्री होते, तेंच्याकडे गाडी न्हेलंय. प्लग बदलल्यानी, कारबोरेटर खोलून धुतल्यानी, पेट्रोलाची नळी फुकून बघितल्यानी. तेंच्या दारात गाडी मांजरासारखी गुरगुरा. घाटयेर गेली काय परत तीच गत. मेस्त्री खरो माणूस, म्हणाले, भाऊ, माका कळणा नाय, फुकटचे पैशे मी घेवचंय नाय. मी शेवंतीक सांगलंय, गाडी मोडीत घालतंय नि गोयाक ट्रॉलरार जातंय. ट्रॉलरार माजे काय हाल होतले ता तिका ठावक होता. नि बाबांची होडी तर गेलेलीच.

पण तिचा डोक्या चालू होता. पाटी धरून मागे बसणारी ती, तेवा गाडी कवा रडता, कवा हसता ता माज्यापेक्षा तिका जास्त कळा. एकदा म्हणाली, ओ, वाटेत पेट्रोल घालतो त्या दिवशी गाडी घाटी चडता, तुमच्या ध्यानात इला? माज्या खंय येता! मी ता जावन मेस्त्रीक सांगलंय. मेस्त्री म्हणाले, उद्या मी तुज्या मागे बसतंय, भरलेल्या पाटयेसकट.

घाटी अर्धी चडली, दम गेलो, गाडी बंद. मी किक मारूक गेलंय तर मेस्त्री म्हणाले, थांब. तेंनी टाकीचा झाकण उघडल्यानी. फुस्स करून हवा आत गेली, मी आयकलंय माज्या कानान. झाकण लावल्यानी, एक किक, गाडी चालू. मग तेंनी झाकण उन्हात धरल्यानी. चावीच्या बाजूक सुयेच्या टोकाएवढा भोक असता, हवा आत जावसाठी. हवा गेली नाय तर पेट्रोल खाली उतरणा नाय. ता भोक काळ्या कायतरी घट्ट वस्तून बुजलेला. मी वास घेतलंय. राळ नि तेल. होडयेच्या फटी बुजवतत ती.

आमच्या लोकांक भोक दिसला काय हात थांबणा नाय, बुजवचाच, नायतर पाणी शिरता, माणूस बुडता. बाबांनी सगळा आयुष्य ताच केल्यानी. गाडी बुडता कामा नये म्हणान तेंनी रोज बोटान चाचपून मायेन ता भोक बुजवल्यानी.

मी घरी येवन शेवंतीक सगळा सांगलंय नि बाबांक सांगूक तोंड उघडणार, तेवड्यात शेवंतीन माका मागल्या दारी न्हेल्यान. म्हणाली, "सांगू नकात. तेंचा एक काम रवला हा, ता काढून घेव नकात." आणि दुसऱ्या दिवशी आमी निघूच्या आधी तिणा अंबाड्यातली पिन काढून भोक मोकळा केल्यान. सांजचे बाबांनी परत बुजवल्यानी. सकाळी तिणा परत काढल्यान. किती वर्सा, इचारू नकात. गाडी मगे कधी घाटयेर थांबली नाय, नि बाबा वाडीभर सांगत फिरत, माज्या तेलान गाडी सुधारली. आमी म्हणत होतो, तर काय. मेस्त्रीसुद्दा तेंका सांगत, बाबा, तुमचो हात लागता म्हणान गाडी टिकली.

मग गेल्या सालची गजाल. सांजचे बाबा म्हणाले, माजा डोक्या जड झाला हा, नि तसेच झोपले. आमका वाटला, दमले आसतीत. सकाळी शेवंती पिन घेवन गाडयेकडे गेली नि तशीच धावत इली. म्हणाली, "ओ, आज भोक मोकळाच आसा. बाबांका बघा." बघतंय तर बाबांचा तोंड वाकडा झालेला, उजवो हात उचलणा नाय. एरवी आमी तेंका झोपले आसत म्हणान सोडून गेलो असतो आणि दुपारी परत इलो असतो. त्याच गाडयेर तेंका मधी बसवलाव, शेवंतीन मागसून घट्ट धरल्यान, नि मालवणाक दवाखान्यात न्हेलाव. डाक्टर म्हणालो, आणखी उशीर केला असता तर हाती लागले नसते.

बापूस वाचलो. बोलणा नीट कळणा नाय, उजवो हात गेलो तो गेलो. पण सांज झाली काय नजर गाडयेर. मग शेवंती गाडी तेंच्या खुर्चेकडे आणता, तेंच्या डाव्या बोटार राळ ठेयता, हात धरून झाकणाकडे न्हेता. बाबा भोक बुजवतत, नि तेंच्या तोंडार असो काय आनंद दिसता! सकाळी ती पिन घेवन ता मोकळा करता. अशी बायल माका मिळाली, असो मेस्त्री मिळालो, माका आणखी काय होया? देवाक हात जोडून एवढाच मागतंय, ह्या भोक आणखी चार वर्सा तरी रोज सांजचा बुजांदे.