तिसाव्या दिवसाचा रकाना

—नाही नाही, बसून राहा काका, काकूंनी दार उघडलं तेवढं पुरे. मी काही विकायला आलेले नाही, नोंदणी ऑफिसातून आलेय. शहरात दवाखान्याबाहेर ज्याचं ज्याचं हृदय बंद पडतं, त्याची नोंद आमच्याकडे असते. तुमचा नंबर चारशे बारा. त्यात दोनच रकान्यांचं काम राहिलंय, पैकी पहिला — ‘तिसाव्या दिवशी जिवंत आहे का?’ — आहात ना? मग लिहिते, ‘आहे’. झालं. फोन का नाही केला? अहो, फोनचं काय सांगू, मागे एका गृहस्थांनी स्वतःच फोन उचलून ‘ते नाहीत’ म्हणून सांगितलं — मी विमावाली वाटले त्यांना — आणि आम्ही बिचाऱ्यांना मृत लिहून मोकळे. अॅम्ब्युलन्सवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांचे कागद खरे मानले तर या शहरात माणसं फक्त साडेअकराला नाहीतर पावणेबाराला कोसळतात, अकरा तेहेतीसला कोणी पडतच नाही. हसताय काय? गाडी कुठे उभी ठेवायची, छाती दाबायला कोणाला शिकवायचं, सगळं याच आकड्यांवरून ठरतं. म्हणून मी हात धुऊन मागे लागते सगळ्यांच्या, ‘माहीत नाही’ हे उत्तर मला चालतच नाही, ऑफिसात मला ‘उलटतपासणी’ म्हणतात — म्हणू देत.

तुमचा कागद मात्र नेमका आहे हं. अकरा तेहेतीस, बुटांचं दुकान. बरगड्या कशा आहेत आता? डावीकडच्या दोन ना? — कागदावर आहे की — नाही, कागदावर नाही. बरगड्यांचा रकाना नाही आमच्याकडे. बोलून गेले खरी.

मीच होते हो. मुलीसाठी सँडल बघत होते, तुम्ही आरशासमोर, एका पायात नवा तपकिरी बूट — आणि कोसळलात. छाती दाबायला लागले तर डावीकडे दोनदा कटकन आवाज आला, वाटलं, मीच संपवलं यांना. गाडी आली तशी पर्स उचलून पळाले. दुसऱ्या दिवशी टेबलावर तुमचाच कागद. ‘छाती कोणी दाबली?’ — काय लिहिलं असेल मी? ‘माहीत नाही.’ मी, उलटतपासणी. मग महिनाभर रोज तो कागद ढिगाच्या तळाशी सरकवत होते, तुम्ही वाचलात का, हे दवाखान्याला विचारायची हिंमतच होईना. फार घाबरले होते हो मी.

आता तो दुसरा रकाना. मीच सांगायचं, मीच लिहायचं, असं चालत नाही. काकू, तुम्ही होतात तिथे — दार उघडल्यापासून माझ्याकडे का बघताय, कळलंय मला. या चौकटीत खूण करा, ‘अनोळखी व्यक्ती’. पुढे सही. आधी डोळे पुसा, कागद भिजला तर नवा भरावा लागेल. — अहो, ही कुठली चौकट? ही ‘घरचं माणूस’. खोडा ते, आकडे बिघडतात माझे. काकू, खोडा ना. — बरं. बरं, असू दे. ऑफिसात गेल्यावर खोडीन मी.

चला, अजून तीन घरं आहेत. काका, दुसरा बूट दुकानदाराने बाजूला ठेवलाय, विचारून आलेय मी. स्वतः चालत जाऊन आणा. उठू नका आत्ता — दार मी ओढून घेते.